रेषेचा ठसा

दिवाळी अंक हाती आला, की कथेआधी चित्राकडे डोळा जातो. चित्रकार दीनानाथ दलाल यांनी १९४५ मध्ये मुंबईत 'दीपावली' अंक सुरू केला. त्यांच्यासारख्यांची रेखाचित्रे मुंबईतून महाराष्ट्रभर घरोघरी गेली. एका कागदावरचे चित्र हजारो वाचकांपर्यंत जाई कसे?

गिरगावात खटाववाडीतल्या मौज छापखान्यासारख्या ठिकाणी त्या काळी शिशाचे खिळे जुळवून मजकूर छापीत. चित्रासाठी जस्ताचा ठसा लागे. चित्रकार काळ्याभोर शाईने, बहुधा छापावयाच्या आकाराहून मोठे चित्र काढी. त्याचे छायाचित्र घेऊन ते जस्ताच्या पत्र्यावर उतरवीत व पत्र्यावर आम्लाची क्रिया करीत. रेषांवर संरक्षक लेप असे. म्हणून आम्ल मधली जागा खाई आणि रेषा उंच उरत. पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकून खिळ्यांशेजारी बसविला, की गोष्ट व चित्र एकाच दाबाने उमटत.

या ठशाला करडी छटा मात्र ठाऊक नव्हती. शाई लागेल, नाही तर कागद कोरा! पेन्सिलीची हळुवार सावली तेथे व्यर्थ. म्हाताऱ्याच्या गालाची खळगी दाखवावयाची, तर रेषा दाट कराव्या, विरळ कराव्या. पण रेषाच काढावी. छायाचित्राच्या ठशाला गुळगुळीत, महाग कागद लागे. रेषेचा ठसा खरखरीत, स्वस्त कागदावरही स्वच्छ उठे. सामान्यांच्या घरी चित्रे पोहोचली ती या स्वस्ताईमुळेच, असे मला वाटते.

पुढे ऑफसेट छपाई आली आणि जस्ताचे ठसे मागे पडले. एखादा जुना अंक मिळाला, तर त्यातील सावल्या बारकाईने पाहा: जवळून त्या नुसत्या रेषा दिसतील.