माथेरान : प्रवाशांच्या माहितीसाठी

सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून किंचित अलग पडलेले, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवरचे आणि रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात मोडणारे हे गिरिस्थान १८५० साली ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर मॅलेट यांच्या नजरेत भरले. नेरळहून डोंगराला वळसे घेत चढणारी दोन फुटी रुळांची गाडी पीरभॉय कुटुंबाच्या द्रव्यबळावर १९०७ मध्ये सुरू झाली.

खाजगी मोटारींना दस्तुरी नाक्यापुढे सक्त मज्जाव असल्याने, तेथील प्रवेशकर भरून, उरलेली वाट पायी, घोड्यावर किंवा अमन लॉज स्थानकातून सुटणाऱ्या छोट्या गाडीने आक्रमावी लागते. परंतु जांभ्या खडकाची तांबडी धूळ पादत्राणांवर माखून घेत, जांभळीच्या गर्द छायेतून केलेली पायपीट हेच, आमच्या मते, या स्थळाचे खरे वैभव होय. सूर्योदयासाठी पॅनोरमा आणि सूर्यास्तासाठी पॉर्क्युपाइन, ही दोन टोके चुकवू नयेत. मुक्कामाची सोय बाजाराच्या आसपास होते. माकडे फार धीट असल्याने खाद्यपदार्थ हाती उघडे धरू नयेत.

पर्जन्यकाळात नेरळहूनची गाडी बंद असते. त्या दिवसांत येणाऱ्यांनी दस्तुरीपर्यंतच्या वाहनाचा बंदोबस्त आधीच करून ठेवावा.