भाजीच्या कप्प्यातला हिवाळा

ऑनलाइन रोपवाटिकांच्या कृपेने कीटकभक्षी व्हीनस फ्लायट्रॅप आता मुंबई-ठाण्याच्या खिडक्यांत पोचला आहे. पहिलं वर्ष झोकात जातं. पुढे पानं लहान होतात, सापळे आळसावतात आणि एक दिवस रोपाचा मधला कोंबच काळा पडतो. मग खापर फुटतं ते आपल्या उकाड्यावर. हा आरोप टिकणारा नाही. हे झाड मूळचं अमेरिकेतल्या नॉर्थ आणि साउथ कॅरोलायनाच्या किनारी सपाट प्रदेशातलं. विल्मिंग्टन शहराच्या आसपासच्या पाइनच्या विरळ रानांत, निकस, आम्लयुक्त, कायम ओलसर वाळूत ते वाढतं. तिथला जुलै दिवसा ३२ अंशांच्या घरात जातो आणि दमटही असतो, म्हणजे कोकणाला लाजवणारा नसला तरी परकाही नाही. फरक आहे तो जानेवारीत. तिथे रात्रीचा पारा शून्याच्या आसपास घुटमळतो आणि डिसेंबरचा सर्वांत लहान दिवस दहा तासांचाही भरत नाही. मुंबईत तो अकरा तासांचा असतो. आपल्याकडे या झाडाला मारतो तो न आलेला हिवाळा.

कारण समजून घ्यायचं तर झाडाच्या साखरेचा जमाखर्च मांडावा लागतो. जमा फक्त उजेडात होते, खर्च मात्र चोवीस तास चालतो, कारण झाडही श्वसन करतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की श्वसनाचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. म्हणजे ५ अंशांच्या रात्री झाड जेवढी साखर जाळेल, त्याच्या साधारण चौपट ते बंद फ्लॅटमधल्या २५ अंशांच्या रात्री जाळणार. कॅरोलायनात थंडी पडली की वाढ जवळजवळ थांबते, उन्हाळी पानं काळी पडतात, जमिनीलगत चार बुटकी पानं उरतात आणि साठा जमिनीखालच्या पांढऱ्या, कांद्यासारख्या भागात राखून ठेवला जातो. आपल्या खिडकीत दिवस आखूड होताना झाड थोडं मंदावतं, पण उबदार रात्री खर्च चालूच ठेवतात. त्यात सापळा ही महागडी वस्तू. तो मोजक्याच वेळा मिटतो आणि निकामी होतो, की नवा घडवायचा. हा कारखाना बारमाही चालला तर तूट वर्षागणिक साठत जाते. म्हणूनच रोप एका हिवाळ्यात मरत नाही, दोन-तीन वर्षं रखडतं.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. आपला हिवाळा निरभ्र असतो, ऊन भरपूर असतं. खर्च जास्त असेल तर जमाही जास्तच, मग तूट कुठून आली? उघड्या गच्चीवर, दिवसभर उन्हात ठेवलेल्या रोपाबाबत हा मुद्दा बराच खरा आहे आणि अशी रोपं जास्त टिकतात यात नवल नाही. पण बहुतेक फ्लायट्रॅप राहतात ते ग्रिलच्या आत, तीन तास तिरपं ऊन मिळणाऱ्या खिडकीत. दुसरा आक्षेप प्रयोगशाळेतून येतो: ऊतीसंवर्धनाच्या बाटलीत ही रोपं वर्षभर २५ अंशांच्या आसपास वाढतात, त्यांना कुठे हिवाळा लागतो? लागत नाही, कारण बाटलीतल्या माध्यमात साखर कालवलेली असते. जमा बाहेरून होते म्हणून खर्च परवडतो. हा आक्षेप उलट जमाखर्चाचीच बाजू बळकट करतो. आणि अशक्त रोपाला माश्या भरवणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की कीटकातून मिळतो मुख्यतः नायट्रोजन आणि फॉस्फरस. साखर सूर्यप्रकाशातूनच येते. बोटाने सापळे मिटवून दाखवणं तर निव्वळ उधळपट्टी.

कासच्या पठारावरच्या कीटकभक्षी वनस्पतींना असा हिवाळा लागत नाही, असंही कुणी म्हणेल. पण तिथली दवबिंदू आणि सीतेची आसवं पावसाळ्याच्या ओलाव्यावर वाढून बी धरतात आणि कोरडे महिने बियांच्या रूपात काढतात. विश्रांती त्यांनाही आहेच, फक्त तिचा हंगाम वेगळा. फ्लायट्रॅप वर्षानुवर्षं जगणारं झाड आहे. त्याला तीच बचत जिवंत कंदात करावी लागते.

मग करायचं काय? पुणे-नाशिककडे जानेवारीच्या रात्री दहा-बारा अंशांवर येतात. तिथे कुंडी घराबाहेर, उघड्या आभाळाखाली ठेवली तरी बरंच साधतं. दंव किंवा बर्फ हवंच असं नाही. हवा कोरडी असेल तर प्लॅस्टिकची कुंडी ओली वाळू भरलेल्या मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवावी. बाष्पीभवनाने ती माठातल्या पाण्यासारखी दोन-चार अंश गार राहते. मुंबई-गोव्याच्या दमट हवेत ही युक्ती लंगडी पडते, तिथे फ्रिजच. नोव्हेंबरच्या मध्यावर रोप उपटून मुळं धुवावीत, काळी पानं कापावीत, बुरशीनाशक फवारावं आणि दमट, पण पिळून काढलेल्या स्फॅग्नम शेवाळात गुंडाळून पिशवीतून भाजीच्या कप्प्यात ठेवावं. बर्फाच्या कप्प्यात अजिबात नको. तीन महिने अंधारात? हो. पाच अंशांना खर्च इतका थोडा असतो की साठा पुरतो. फ्रिज कॅरोलायनाची हुबेहूब नक्कल करत नाही, तो फक्त खर्चाची बाजू दाबून धरतो. खरा धोका बुरशीचा. दर दोन-तीन आठवड्यांनी पिशवी उघडून पाहावी, कुजका भाग काढावा.

फेब्रुवारीच्या मध्यावर रोप बाहेर काढलं तर मार्च-एप्रिलच्या उन्हाआधी नवी पानं सरावतात, म्हणून त्याहून उशीर करू नये. आधी सावली, मग सकाळचं कोवळं ऊन. पाणी पावसाचं साठवलेलं किंवा आरओचं. नळाच्या पाण्यातले क्षार मुळांना सोसत नाहीत आणि खत तर त्याहून नाही. जागं झालेलं रोप लवकरच फुलाचा दांडा वर काढतं. रोप दणकट नसेल तर तो बोटभर असतानाच कापून टाकावा, कारण फूल आणि बी यांचा खर्च त्याच साठ्यातून व्हायचा असतो.