किटलीतले ऊर्ध्वपातन

काचेचा संघनक नसला, तरी किटली, तांब्याची नळी आणि बादली एवढ्यावर ऊर्ध्वपातन दाखवता येते. पण काही वेळाने थेंबांऐवजी नळीतून वाफच बाहेर येऊ लागते. मग आपण नळी लांब करतो. दोष मात्र बादलीत असतो.

१ ग्रॅम वाफेचे पाणी होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता बाहेर पडते. कोलाडला उन्हाळ्यात टाकीतले पाणी मुळातच ३० अंशांच्या आसपास असते. अशा १० लिटर पाण्याला ६० अंशांवर न्यायला जेमतेम अर्धा किलो वाफ पुरते! त्यातून गरम पाणी वर साचते आणि वाफेची नळीही वरूनच शिरते. म्हणून थंड पाणी बादलीच्या तळाशी सोडावे, गरम वरून वाहू द्यावे.

नळी गुळगुळू लागली, तर कुठेतरी खोलगट वळणात पाणी अडले आहे असे समजावे. उतार सलग हवा.

झाकणाची फट कणकेनेच लिंपावी. पक्के लुकण लावू नये, झाकण बांधूनही टाकू नये. नळी तुंबून दाब वाढला, तर सुटायला ही कच्ची जागा हवीच, असे आम्ही आग्रहाने सांगू.

शेगडी विझवण्याआधी नळीचे टोक जमवलेल्या पाण्यातून वर काढावे. नाहीतर आतली वाफ निवताच तेच पाणी किटलीत परत ओढले जाते.