एकच पेप्टाइड, निरनिराळी वर्तने

ठाणे–भिवंडी मार्गावरील कशेळीसारख्या, गोदामांनी वेढलेल्या गावात चिकित्सा करणाऱ्या वैद्यास एक रुग्ण चांगलाच परिचित असतो. मद्य सोडल्यावर दुसऱ्याच दिवशी त्याचा जीव घाबरा होतो, हात कापू लागतात आणि घरचे त्यास ‘मनाचा कच्चा’ ठरवून मोकळे होतात. या अस्वस्थतेचा एक दुवा नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात उंदरांवर झालेल्या संशोधनात सापडतो.

कोकेन वा अँफेटामिन दिलेल्या उंदरांच्या मेंदूत एक विशिष्ट जनुकीय संदेश वाढतो, असे १९९५ मध्ये अमेरिकेत आढळले. त्यावरून घडणाऱ्या पेप्टाइडास संक्षेपाने ‘कार्ट’ म्हणतात. ते भूक कमी करते, हे १९९८ मध्ये निदर्शनास आले. डॉ. निशिकांत सुभेदार, डॉ. दादासाहेब कोकरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी या पेप्टाइडाचा दीर्घकाळ पाठपुरावा केला.

त्यांच्या २००८ च्या शोधनिबंधात मद्यावर ठेवलेल्या उंदरांचे मद्य अकस्मात बंद केले होते. २४ तासांनी अमिग्डालाच्या मध्यवर्ती केंद्रकात कार्ट वाढलेले दिसले आणि उंदीर भयग्रस्त वागू लागले. कार्टला निष्प्रभ करणारे प्रतिपिंड त्याच ठिकाणी दिले असता हे भय उणावले. २००९ मध्ये मात्र, एकाकी ठेवून विषण्ण केलेल्या उंदरांत हेच पेप्टाइड उपकारक ठरले; पाण्यात टाकल्यावर हताश होऊन निश्चल राहण्याचा त्यांचा काळ त्याने घटला. पुढे २०१७ च्या अभ्यासात उंदरांना कळ दाबून स्वतःच्या मेंदूस सुखद विद्युत्-चेतना देण्यास शिकवले होते. मध्यमेंदूच्या वेंट्रल टेगमेंटल भागात कार्ट देताच ते अधिक वेळा कळ दाबू लागले.

रेणू तोच, कोठे भय, कोठे उत्साह, कोठे सुखाची ओढ! अधिष्ठान व अवस्था पाहून द्रव्याचा विचार करण्याची सवय असलेल्या आपणांस यात नवल वाटू नये. परंतु ‘हे आमच्या ग्रंथांत होतेच’ असे म्हणण्याचा मोह आवरावा. चरकाचार्यांनी मदात्ययचिकित्सेत वर्णिलेले ध्वंसक व विक्षय हे, मद्य सोडून पुन्हा एकाएकी अतिमात्रेत घेणाऱ्याचे विकार आहेत. मद्य सुटल्यानंतरच्या भयाशी त्यांची सांगड घालणे ग्रंथाशीही अन्यायाचे होईल.

तसेच, हे पेप्टाइड सूक्ष्म नलिकेने थेट मेंदूत सोडलेले होते. ४८ अमिनो आम्लांची ही साखळी तोंडावाटे दिली तर पचनातच तुटेल. म्हणून एखाद्या चूर्णाच्या वेष्टनावर ‘मेंदूतील पेप्टाइड वाढवणारे’ असे छापलेले दिसल्यास, कोणते पेप्टाइड, मेंदूच्या कोणत्या भागात आणि कोणत्या अवस्थेत, हे प्रश्न विक्रेत्यास अवश्य विचारावेत.

चिकित्सेत मात्र या प्रयोगांतील काळाकडे लक्ष द्यावे. अहितकर सवय क्रमाक्रमाने सोडण्याचा पादांशिक क्रम सूत्रस्थानात सांगितला आहे. पण अनेक वर्षे प्रचुर मद्य घेणाऱ्याने ते एकाएकी थांबवले तर आकडी येऊ शकते, शुद्ध हरपून बरळणे सुरू होऊ शकते. म्हणून शेवटचे मद्य किती वाजता घेतले, हे नाडी पाहतानाच विचारावे. पूर्वी कधी अशी आकडी आली असल्यास घरी औषध देत न बसता रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.