बाबांचं पोट

पडद्यावर एक प्रचंड उघडं पोट. ते हलतं, बोलतं, वाद घालतं. त्याला चेहरा मात्र नाही. हे पोट म्हणजे रोबेर्तो रोसेलिनी, 'रोम, ओपन सिटी' (१९४५) आणि 'पैसा' (१९४६) यांचा दिग्दर्शक, इटालियन नववास्तववादाचा अध्वर्यू. त्यांच्या जन्मशताब्दीच्या तोंडावर, २००५ साली, लेक इझाबेलाने 'माय डॅड इज १०० इयर्स ओल्ड' हा लघुपट लिहिला. कृष्णधवल, वीस मिनिटांहूनही कमी लांबीचा. दिग्दर्शन कॅनडाच्या गाय मॅडिनचं.

पोटच का? लहानपणी ती भावंडं बाबांच्या अंगाखांद्यावर लोळायची. जगाला त्यांची कॅमेऱ्यामागची नजर ठाऊक होती, लेकीला त्यांच्या पोटाची ऊब. मला हा निर्णय विलक्षण धाडसी वाटतो. थोर बापाचा पुतळा उभारणं सोपं असतं. इथे चौथराच नाही.

रिकाम्या चित्रपटगृहात मग वाद रंगतो. हिचकॉक येतात, निर्माते सेल्झनिक येतात, फेलिनी आणि चॅप्लिनही. या सगळ्या भूमिका इझाबेलाच करते. सिनेमा म्हणजे करमणूक की स्वप्न, की वास्तवाची शिकवणी? रोसेलिनींचा कौल शिकवणीकडे. १९६०च्या दशकात 'सिनेमा मेला' असं जाहीर करून ते दूरचित्रवाणीसाठी इतिहासपट करायला लागले होते. आणि हे प्रतिपक्ष काही परके नव्हेत. इझाबेलाची आई, अभिनेत्री इन्ग्रिड बर्गमन, हिला हॉलिवूडमध्ये आणलं सेल्झनिकनी. हिचकॉकनी तिच्यासोबत तीन चित्रपट केले. ते सगळं सोडून ती रोसेलिनींकडे आली, तेव्हा अमेरिकेच्या सिनेटमध्येही तिचा धिक्कार झाला. म्हणजे सिनेमाचा हा वाद इझाबेलाच्या घरातलाच आहे. आईची भूमिकाही तीच करते. आईचा चेहरा तिने घेतलेलाच आहे. तो पडद्यावर दिसतो तेव्हा नक्कल वाटतच नाही.

बापाच्या विरोधकांना लेकीने स्वतःचं तोंड दिलं आहे, आणि त्यांचे मुद्दे लटके पडू दिलेले नाहीत. तुम्ही अलौकिक होता की नव्हता हे मला ठाऊक नाही, पण माझं तुमच्यावर प्रेम आहे, अशा अर्थाचं ती शेवटी म्हणते. श्रद्धांजलीत इतका खरेपणा मी क्वचितच पाहिला आहे.

या कुटुंबाच्या कहाणीत मुंबईही आहे. १९५६च्या अखेरीस रोसेलिनी भारतात आले. मुंबईत राहत असताना विवाहित असलेल्या सोनाली दासगुप्तांशी त्यांचे संबंध जुळले आणि वर्तमानपत्रांत गदारोळ उठला. १९५७ मध्ये इन्ग्रिड आणि ते वेगळे झाले, तेव्हा इझाबेला पाच वर्षांची होती. या मुक्कामातून 'इंडिया : मातृभूमी' (१९५९) हा चित्रपट निघाला. त्यात माहूत आणि हत्ती आहेत, हिराकूड धरणावरचा कामगार आहे, मालक मेल्यावर एकटं पडलेलं माकड आहे. आपल्याकडे गदारोळ लक्षात राहिला, चित्रपट विसरला गेला.

बाबांचे चित्रपट लोक विसरत चालले आहेत, हीच इझाबेलाची खंत या लघुपटाच्या मुळाशी आहे. तेव्हा तिचा लघुपट जरूर पाहा, आणि त्यापाठोपाठ 'इंडिया' मिळवून पाहा. तो मुंबईच्या गर्दीपासून सुरू होतो.