सोळा के.ची डबी आणि एक सैल सांधा

मार्च १९८१ मध्ये ब्रिटनच्या सिंक्लेअर रिसर्च कंपनीने झेडएक्स८१ हा घरगुती संगणक बाजारात आणला. सुटे भाग घेऊन घरी जोडला तर ४९.९५ पौंड, तयार घेतला तर ६९.९५. आत जेमतेम चार चिप आणि १ के., म्हणजे १,०२४ बाइट मेमरी.

या १,०२४ बाइटांचा हिशेब मांडून पाहा. यंत्र स्वतःच्या नोंदींसाठी १२५ बाइट ठेवून घेई. २४ ओळींचा पडदा पूर्ण भरला, तर ७९३ बाइट त्यातच जात. उरले १०६, आणि प्रोग्रॅम बसवायचा तो एवढ्यात! बेसिक या त्याच्या प्रोग्रॅमिंग भाषेत साधं शून्य लिहिलं तरी सात बाइट खर्ची पडत. म्हणून जाणकार शून्याच्या जागी ‘नॉट पाय’ लिहीत. पाय (π) शून्य नाही, आणि शून्य नसलेल्या संख्येला ‘नॉट’ लावलं की उत्तर शून्य. आणि काम दोन बाइटांत. डेव्हिड हॉर्न यांनी तर या १ के.मध्ये बुद्धिबळ बसवलं. ही काटकसर मला आजही थक्क करते.

पण काटकसरीला मर्यादा असते. ती ओलांडायला सिंक्लेअरने १६ के.ची काळी डबी विकायला काढली. सुरुवातीची किंमत ४९.९५ पौंड, जवळजवळ दुसऱ्या संगणकाचेच पैसे. डबी मागच्या खाचेत बसवली की आतली १ के. मेमरी बाजूला पडे आणि पूर्ण १६ के. डबीतून मिळे. डबीतल्या नेहमीच्या रचनेत ४११६ जातीच्या आठ चिप असत. प्रत्येक चिप बाइटमधला एकेक बिट सांभाळी. या चिपना तीन वेगवेगळे व्होल्टेज लागत: अधिक १२, अधिक ५ आणि उणे ५. संगणकाकडून ते सगळे मिळत नसत, म्हणून व्होल्टेज बदलणारं छोटं सर्किटही डबीतच कोंबलेलं होतं. मॅल्कम एव्हान्स यांचा ‘थ्रीडी मॉन्स्टर मेझ’, ज्यात भुलभुलैयातून डायनासोर अंगावर येतो, तो या १६ के.शिवाय चालतच नसे.

दुखणं होतं ते सांध्यात. डबीला ना स्क्रू, ना खटका. सर्किट बोर्डाच्या कडेवर ती नुसती दाबून बसवलेली. कळ जोरात दाबली, टेबलाला धक्का लागला, की डबी डुले. संपर्क क्षणभर तुटला तरी तासन्‌तास टाइप केलेला प्रोग्रॅम गेलाच. कॅसेटवर उतरवून ठेवला नसेल तर सगळं पहिल्यापासून. लोकांनी चिकटपट्ट्या लावल्या, ब्लू-टॅक या चिकट लगद्याचे गोळे दाबले. संगणक आणि डबी यांच्या मधे प्रिंटर जोडला की डळमळ आणखी वाढे.

माझ्या मते हा दोष चिपांचा नव्हता, तर यांत्रिक जोडणीत केलेल्या बचतीचा होता. दोन स्क्रूंनी तो टळला असता.

अशी डबी तुमच्या हाती आली, तर एवढं जरूर करा: संगणक चालू असताना ती बसवू किंवा काढू नका. उणे ५ व्होल्ट नसताना १२ व्होल्ट मिळाले, तर ४११६ चिप कायमची जळू शकते.