टर्बोची जुनी गाडी आणि आपली सही



आज आपण जुन्या गाडीवर बोलणार आहोत. गाडीचा विषय निघाला की आपल्यातल्या बऱ्याच जणी म्हणतात, "ते पुरुषांचं काम. आम्हाला त्यातलं काय कळतंय?" पण गाडीला पैसे कुठून येतात ते जरा बघा. उसाचं बिल, दुधाचं बिल, गटाचं कर्ज, नाहीतर कपाटातला एखादा दागिना. कर्ज गटाचं असेल तर सही बाईची. गाडी बाईच्या नावावर घेतली तर जबाबदारीही तिची. मग विषय आपला कसा नाही?

आपलं गडहिंग्लज सीमेवर आहे. इकडे संकेश्वर, पुढे बेळगाव. तिकडे आजरा, आंबोली उतरलं की सावंतवाडी आणि गोवा. त्यामुळे आपल्याकडे जुनी गाडी चारी बाजूंनी येते. कर्नाटक पासिंग, गोवा पासिंग, कधी थेट दिल्ली पासिंग. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले, तेव्हापासून तिथल्या गाड्या स्वस्तात दुसऱ्या राज्यांत जाऊ लागल्या. गाडी बाहेरची आहे म्हणून ती वाईट, असं नाही. पण ती तिथं कशी चालवली होती, हे सांगणारं इथं कुणी नसतं.

त्यातही एका प्रकारच्या गाडीबद्दल आज सांगायचं आहे. टर्बोची गाडी, आणि तिच्यात आधीच्या मालकानं ताकद वाढवण्यासाठी केलेले बदल. पोरं तिला 'मॉडिफाय' गाडी म्हणतात. रुंद टायर, खाली बसवलेली बॉडी, पुंगळी काढलेला सायलेन्सर. किंमत बाजारभावापेक्षा थोडी कमी, आणि विकणारा म्हणतो, "एवढा खर्च केलाय, तुम्हाला फुकट पडली."

टर्बो म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. चूल मंदावली की आपण फुंकणी घेतो. फुंकर मारली की जाळ उठतो, कारण जादा हवा मिळाली. टर्बो ही इंजिनाची फुंकणी आहे. इंजिनातून बाहेर जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर एक छोटं चाक फिरतं. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चाक असतं, ते इंजिनात जादा हवा कोंबतं. जादा हवा, जादा इंधन, जादा ताकद. स्विफ्ट डिझेल, स्कॉर्पिओ, बोलेरो अशा आपल्या रस्त्यावरच्या बहुतेक डिझेल गाड्यांत टर्बो आहे. आता नेक्सॉनसारख्या पेट्रोल गाड्यांतही येतो. म्हणजे टर्बो ही काही वाईट गोष्ट नाही. कंपनीनं बसवलेला टर्बो वेळच्या वेळी ऑइल बदललं तर वर्षानुवर्षं चालतो.

पण तो नाजूक आहे. ते चाक मिनिटाला लाखभर आणि त्याहून जास्त फेरे घेतं. त्याचा दांडा ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. ऑइल जुनं झालं, कमी पडलं, किंवा घाट चढून आल्या आल्या गाडी खाडकन बंद केली, की तो थर बिघडतो आणि दांडा झिजायला लागतो.

आता बदल काय करतात? गाडीच्या कंप्युटरमधला हिशेब बदलतात. त्याला 'रिमॅप' म्हणतात. टर्बोनं जास्त जोरानं हवा मारावी आणि इंधन जास्त जावं, असा तो नवा हिशेब. चुलीत दुप्पट जळण घालून सारखी फुंकणी मारली तर भाकरी लवकर भाजते खरी, पण तवा तापून लाल होतो. इंजिनाचंही तसंच. पिस्टन, हेड गॅस्केट, क्लच, गिअरबॉक्स हे सगळं कंपनीनं ठराविक ताकदीसाठी केलेलं असतं. ताकद वाढवली, पण ब्रेक तेच राहिले, तर गाडी पळेल जोरात आणि थांबेल पहिल्यासारखीच.

शर्यतीत पळवलेला बैल कुणी नांगराला घेतो म्हटलं, तर आपल्या घरातली म्हातारी माणसं दात बघतील, खूर बघतील, खांदा चाचपतील. गाडीचा खांदा मात्र बाहेरून दिसत नाही. रंग नवा असतो, सीट नव्या असतात. दम किती शिल्लक आहे ते आत दडलेलं असतं. स्वस्त मिळते ती गाडी नव्हे, तिची उरलेली कमाई. ही आजची मुख्य गोष्ट ध्यानात ठेवा.

सगळ्यांत फसवी गाडी कोणती सांगू? जी मॉडिफाय दिसतच नाही ती. विकायच्या आधी मूळ सामान परत बसवतात, कंप्युटरही पहिल्यासारखा करतात. गाडी साधी दिसते. पण दोन वर्षं ताणून पळवलेलं इंजिन काही परत नवं होत नाही. म्हणून विचारायचं, "या गाडीत पूर्वी काही बदल केले होते का? असतील तर लिहून द्या, नसतील तर तेही लिहून द्या." प्रामाणिक माणूस लिहून देतो. टाळाटाळ केली तर ते उत्तरच समजायचं.

आता गाडी बघायला जाताना काय काय बघायचं ते सांगते. यातलं बरंचसं तुम्ही स्वतः बघू शकता.

पहिलं, गाडी थंड असताना सुरू करून बघा. विकणाऱ्यानं आधीच गरम करून ठेवली असेल तर थांबा, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी जा. थंड इंजिनच खरं बोलतं.

दुसरं, धूर. निळसर धूर म्हणजे इंजिनात ऑइल जळतंय. दाट काळा धूर म्हणजे इंधन जास्त आणि हवा कमी. गाडी तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर कुलंटचं पाणी आत जात असण्याची शंका घ्या.

तिसरं, आवाज. टर्बोची बारीक शिट्टी असते, ती चालते. पण सायरनसारखी किंचाळी किंवा खरखर आली तर दांडा झिजला असं समजा.

चौथं, ऑइलची पट्टी काढून बघा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी मिसळलंय. आणि शेवटचं ऑइल कधी बदललं, त्याची पावती मागा. तोंडी नको. एक सांगून ठेवते, गरम गाडीच्या पाण्याचं झाकण कधीही उघडू नका. उकळतं पाणी अंगावर येतं.

पाचवं, चढावर चालवून बघा. इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी वेग घेत नाही, असं झालं तर क्लच गेलेला आहे. ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, टायर आतून घासलेत का, तेही बघा. खाली बसवलेली गाडी आपल्या गावच्या स्पीडब्रेकरला पोट घासणारच.

सहावं, आपला मेस्त्री न्या. विकणाऱ्यानं सुचवलेला नको. त्याला स्कॅनर लावायला सांगा आणि टर्बोचा पाइप काढून बघायला सांगा. आत तेलाचा हलका ओशटपणा चालतो. तेल साचलेलं असेल तर टर्बोचं सील गेलंय. मेस्त्रीला दोन पैसे द्यावे लागले तरी ते वाया जात नाहीत.

हे सील जाणं नुसतं खर्चाचं नाही, ते धोक्याचंही आहे. डिझेल गाडीचं सील फार झिजलं तर इंजिनाचं स्वतःचंच ऑइल हवेच्या वाटेनं आत जाऊन जळायला लागतं. मग चावी काढली तरी इंजिन थांबत नाही, उलट आवाज वाढत जातो. असं क्वचित होतं, पण होतं. अशा वेळी गाडीतली माणसं, पोरंबाळं लगेच लांब न्यायची. गिअरची गाडी असेल आणि चालवणारा सीटवरच असेल, तर ब्रेक घट्ट दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडायचा, म्हणजे इंजिन गुदमरून बंद पडतं. ते जमलं नाही तर त्यानंही लांब व्हायचं. इंजिनात हात घालायला कुणी जायचं नाही. गाडी परत मिळेल, माणूस मिळत नाही.

आता कागद. इथं तर आपणच पुढं व्हायला पाहिजे, कारण गटाची वही सांभाळणाऱ्या बाईला कागद वाचता येतो.

आरसी बुकावरचा इंजिन नंबर आणि चासी नंबर गाडीवरच्या नंबरांशी ताडून बघा. सरकारच्या एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की विमा, नोंदणीची मुदत अशी माहिती दिसते. थकलेली चलनंही ऑनलाइन बघता येतात. गाडीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचा ना हरकत दाखला आणि फॉर्म ३५ हवा. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. गाडी कर्नाटक-गोव्याची असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आणि वर महाराष्ट्राचा रोड टॅक्स. हा टॅक्स किती, ते आरटीओत विचारून मगच किंमत ठरवा. बऱ्याच वेळा 'स्वस्त' गाडीचा स्वस्तपणा इथंच संपतो.

घेणाऱ्यानं ३० दिवसांच्या आत नावावर करून घ्यायची असते. "चालू दे की त्याच्याच नावावर" असं म्हणू नका. २०१८ साली सुप्रीम कोर्टात अशीच एक केस आली होती. गाडी हातोहात विकली गेली, नाव मात्र पहिल्याच मालकाचं राहिलं, आणि अपघात झाला. कोर्टानं सांगितलं, नोंद ज्याच्या नावावर, भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. म्हणून गाडी विकतानाही हे लक्षात ठेवा. आपली जुनी गाडी दिली, पण नाव आपलंच राहिलं, तर दुसऱ्याच्या अपघाताची नोटीस आपल्या दारात येते.

बदलांबद्दल कायदा स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं जशी गाडी केली आणि जशी नोंदली गेली, तिच्या मूळ रचनेत मनानं बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही हेच सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली. बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. सीएनजी किटसारखा मान्य बदल असेल तर त्याची नोंद आरसीवर असते. नोंद नसेल तर "मी नाही केलं, आधीच्यानं केलं" हे पोलिसांना पटवत बसायची पाळी आपल्यावर येते.

विम्याचंही तसंच. विमा कंपनीला न सांगता इंजिनात बदल केले असतील तर गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जाऊ शकतो. गाडी घेतल्यावर १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करायला अर्ज द्या. आणि विमाच नसताना कुणाला धडक बसली, तर भरपाई मालकाच्या खिशातून, वेळ आली तर जमीनजुमल्यातून जाते. पोरगा म्हणाला, "वडापला लावतो, हप्ता सुटेल," तर त्याला विचारा, परमिट आहे का? पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीत भाडं घेऊन माणसं नेली आणि अपघात झाला तर विम्याला अडचण येते.

शेवटी पैशाचं. समजा गटातून एक लाख उचलले, व्याज महिना शेकडा दोन. म्हणजे महिन्याला दोन हजार नुसतं व्याज. टर्बो गेला आणि गाडी तीन महिने गॅरेजला उभी राहिली, तर सहा हजार व्याज गेलं आणि चाक एकदाही फिरलं नाही. हप्ता थकला की तो एका घराचा राहत नाही. दुसऱ्या बाईचं बियाण्याचं, पोरीच्या फीचं कर्ज त्यामुळे अडतं.

म्हणून पुढच्या बैठकीत एक ठराव करून टाका. गाडीसाठी कर्ज मागितलं तर आधी तीन कागद समोर ठेवायचे. मेस्त्रीनं लिहून दिलेली तपासणी, आरसी आणि विम्याची प्रत, आणि गाडीत बदल केलेत की नाहीत हे विकणाऱ्याच्या सहीनं. इसार देतानाही त्यावर लिहून घ्यायचं, की तपासणीत गाडी नापास झाली तर इसार परत. मग "आई, तू मला नाही म्हणालीस" असं पोरगा म्हणणार नाही. तुम्ही सांगायचं, "बाळा, मी नाही म्हणत नाही. गटाचा नियम आहे, कागद आण."

पोरगा दोन दिवस रुसेल. रुसू दे. साधी, कंपनीनं दिली तशीच राहिलेली, ऑइलच्या पावत्या असलेली गाडी थोडी महाग पडली तरी ती घ्या. दवाखान्याला, बाजाराला, लेकीच्या सासरी घेऊन जाईल आणि घेऊन येईल. आपल्याला गाडी त्यासाठीच पाहिजे.